क्लोद बेर्नार : अन्नरसाचा मार्ग शोधणारा शास्त्रज्ञ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या परिचयांतील एका कुटुंबांत नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यास खवडे झाले. हा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळें होतो; व ती बुरशी केसांच्या मुळाशीं ठाण मांडून बसत असल्यामुळें नुसत्या मलमानें तो बरा होत नाहीं, पोटांत औषध घ्यावें लागतें. डॉक्टरांनीं ग्रिसिओफुल्व्हिन नांवाच्या गोळ्या लिहून दिल्या. मुलाची आई मोठी दक्ष बाई. औषध अनशापोटीं घेतलें म्हणजे अंगीं लागतें, ही आपल्याकडील जुनी समजूत. तिला अनुसरून ती माउली रोज पहाटे मुलास उठवून साध्या पाण्याबरोबर गोळी देत असे. एक दिवसहि खंड पडला नाहीं. परंतु महिना उलटला तरी गुण येईना. मुलाच्या डोक्यावर कायमची टोपी आली, वर्गांत त्याच्या शेजारीं कोणी बसेना, आणि त्या आईच्या मनानें घेतलें कीं आपल्याच सेवेंत कांहीं उणें पडत आहे. तेव्हां डॉक्टरांनीं औषध बदललें नाहीं, मात्राहि वाढविली नाहीं. गोळी कशाबरोबर देतां, एवढेंच विचारलें. पुढें तीच गोळी दुपारच्या जेवणानंतर सायीच्या दुधाबरोबर देण्यांत आली, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा टोपीवांचून शाळेंत आला.

ही हकीकत ऐकून आमच्या वर्गांतील मुलांनीं सहजच प्रश्न केला कीं, दुधातुपाचा आणि औषधाचा संबंध काय? या प्रश्नाचें उत्तर शोधूं जातां आम्हांस एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या चरित्राकडे वळावें लागलें. त्याच्या हयातींत हें औषध जन्मासहि आलें नव्हतें. तथापि तोंडावाटे घेतलेला पदार्थ शरीरांत कोठें व कसा शिरतो, याचा शोध ज्या थोड्या पुरुषांनीं प्रथम लाविला त्यांत क्लोद बेर्नार यांचें स्थान फार वरचें आहे. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद आणि पालकांस उपयुक्त होईल, या हेतूनें आम्ही तें येथें थोडक्यांत देत आहों.

बेर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजीं फ्रान्स देशांत, लियों शहराच्या उत्तरेस असलेल्या सें-झुलियें या खेड्यांत झाला. त्यांचे वडील द्राक्षमळ्यांत काम करून कुटुंबाची गुजराण करीत. घरची स्थिति ओढगस्तीची होती. गांवच्या धर्मगुरूंनीं मुलाची हुशारी ओळखून त्यास लॅटिन भाषा शिकविली, आणि पुढें जवळच्या व्हिलफ्रांश येथील शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. शाळेंत ते विशेष चमकले असें नाहीं. पैशाच्या अभावीं शिक्षण अर्धवट सोडून वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं त्यांस लियोंच्या व्हेझ नांवाच्या उपनगरांत एका औषधविक्रेत्याच्या दुकानीं उमेदवारी पत्करावी लागली. बाटल्या धुणें, झाडलोट करणें, गिऱ्हाइकांच्या घरीं व जवळच्या पशुवैद्यक शाळेंत औषधें पोंचविणें, अशीं कामें त्यांच्या वांट्यास आलीं.

त्या दुकानांत एका औषधास फार मोठी मागणी होती. त्याचें नांव थेरियाक. पन्नासाहून अधिक द्रव्यें एकत्र करून तें बनवीत, व तें सर्व रोगांवर चालतें अशी लोकांची श्रद्धा असे. दुकानांतील एखादें औषध नासलें, कांहीं उरलें, किंवा मिश्रण बिघडलें, कीं मालक तें फेंकूं देत नसत. थेरियाकासाठीं राखून ठेवण्यास सांगत. तरुण बेर्नार यांस हें पाहून अचंबा वाटे. घटकद्रव्यें रोज निराळीं, तरी गिऱ्हाईक संतुष्ट! आपण देतों तें औषध पोटांत गेल्यावर त्याचें पुढें काय होतें, याचा विचार ना देणारा करी, ना घेणारा. औषधांच्या अंधश्रद्धेविषयीं त्यांच्या मनांत जो संशय उत्पन्न झाला, तो तेथेंच.

परंतु त्या वेळीं त्यांचें चित्त शास्त्राकडे नव्हतें. त्यांस नाटककार व्हावयाचें होतें. त्यांनीं लिहिलेलें एक लहानसें विनोदी नाटक लियोंच्या रंगभूमीवर झालें. त्यामुळें उत्साह वाढून त्यांनीं एक पांच अंकी ऐतिहासिक नाटक लिहिलें आणि १८३४ सालीं तें बाड घेऊन पॅरिस गांठलें. तेथें सें-मार्क झिरार्दें या विख्यात टीकाकाराची त्यांनीं भेट घेतली. त्या गृहस्थांनीं नाटक वाचलें आणि मोकळेपणानें सल्ला दिला कीं, औषधांच्या दुकानांत काम केलेंच आहे, तर पोट भरण्यासाठीं वैद्यक शिकावें व फावल्या वेळीं लेखन करावें. अशा वेळीं किती तरुण मानभंगानें घरीं परततात! बेर्नार यांनीं तो सल्ला शिरसावंद्य मानिला. कठोर पण हितकर बोल ऐकून घेण्याचें सामर्थ्य हेंहि एक प्रकारचें शौर्यच होय.

वैद्यकाच्या विद्यालयांतहि त्यांची कीर्ति मोठी नव्हती. १८३९ सालीं रुग्णालयांतील निवासी उमेदवारांच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या एकोणतीस जणांत त्यांचा क्रमांक सव्विसावा लागला. परंतु याच मार्गानें ते फ्रांस्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नजरेस पडले, आणि त्यांच्या हातांतील विलक्षण कसब पाहून माजांदी यांनीं १८४१ सालीं त्यांस कॉलेज द फ्रान्स या संस्थेंतील आपल्या प्रयोगशाळेंत मदतनीस नेमिलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं त्याच शहरांत ग्रुबी नांवाचे दुसरे एक वैद्य सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं खवड्यांचे पापुद्रे तपाशीत होते. हा रोग दूषित रक्तामुळें होतो असें तोंवर मानीत. तो बुरशीपासून होतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. रोगाचें कारण आणि अन्नरसाचा मार्ग हे दोन शोध असे एकाच नगरींत वाढत होते. त्यांची गांठ पडण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

१८४३ सालीं बेर्नार यांनीं जठररस व त्याचें पोषणांतील कार्य या विषयावर प्रबंध लिहून वैद्यकाची पदवी मिळविली. त्यांतील एक प्रयोग ध्यानांत धरण्याजोगा आहे. उंसाची साखर पाण्यांत विरघळवून सरळ शिरेंत सोडली, तर शरीर तिचा उपयोग करीत नाहीं. ती मूत्रावाटे जशीच्या तशी बाहेर पडते. तीच साखर आधीं जठररसांत ठेवून मग शिरेंत सोडली, तर शरीर ती पचनीं पाडतें. म्हणजे पदार्थ रक्तापर्यंत नेऊन पोंचविला एवढ्यानें भागत नाहीं. तो शरीरास घेतां येईल अशा रूपांत यावा लागतो.

पुढील वर्षीं अध्यापकाच्या जागेसाठीं असलेल्या स्पर्धेंत ते अपेशी झाले. निराश होऊन गांवीं परत जावें व साधी वैद्यकी करावी, असा विचारहि त्यांनीं केला. १८४५ सालीं त्यांचा विवाह झाला. पत्नीनें आणलेल्या हुंड्यावर त्यांचें संशोधन कसेंबसें चालू राहिलें. आणि दुसऱ्याच वर्षीं ती घटना घडली जिच्यामुळें त्यांचें नांव अजरामर झालें.

१८४६ सालीं बाजारांतून कांहीं ससे प्रयोगशाळेंत आणले गेले व मेजावर ठेविले गेले. त्यांनीं तेथें मूत्रविसर्जन केलें. यांत आश्चर्य तें कसलें? दुसऱ्या कोणी फडक्यानें मेज पुसून काढलें असतें. परंतु बेर्नार यांच्या लक्षांत आलें कीं, तें मूत्र स्वच्छ व आम्ल आहे. गवत खाणाऱ्या प्राण्यांचें मूत्र गढूळ व क्षारयुक्त असतें. स्वच्छ व आम्ल मूत्र मांसाहारी प्राण्यांचें. मग हे ससे मांसाहारी कसे झाले? त्यांनीं तर्क केला कीं, बाजारांत यांस बराच वेळ कोणी खावयास दिलें नसावें, आणि उपाशी प्राणी स्वतःच्याच मांसावर जगत असल्यामुळें हा पालट झाला असावा. तर्कावर ते थांबले नाहींत. सशांस गवत दिलें, मूत्र गढूळ झालें. उपाशी ठेविलें, पुन्हां स्वच्छ झालें. घोड्यावरहि त्यांनीं हाच प्रयोग करून पाहिला. शेवटीं त्यांनीं सशांस उकडून थंड केलेलें गोमांस खाऊं घातलें, तेव्हांहि मूत्र स्वच्छच आलें. तर्क खरा ठरला.

येथें बहुतेकांनीं समाधान मानिलें असतें. बेर्नार यांनीं मांस खाल्लेल्या सशांचें शवच्छेदन केलें, तेव्हां त्यांच्या दृष्टीस दुसरीच गोष्ट पडली. आंतड्यापासून निघणाऱ्या सूक्ष्म नलिकांत चरबीयुक्त अन्नरस दुधासारखा पांढरा दिसतो. कुत्र्याच्या शरीरांत या पांढऱ्या नलिका आंतड्याच्या अगदीं आरंभापासून दिसूं लागतात. सशांत मात्र त्या जठरापासून सुमारें एक फूट खालीं गेल्यावर दिसूं लागल्या. असें कां व्हावें? त्यांनीं निरखून पाहिलें. सशाची पित्तनलिका जठराजवळच आंतड्यास मिळते. पण स्वादुपिंडाची नलिका तिच्या बरीच खालीं येऊन मिळते. आणि जेथें स्वादुपिंडाचा रस अन्नांत मिसळतो, नेमक्या तेथूनच नलिका पांढऱ्या होत होत्या! स्वादुपिंड हा अवयव कशासाठीं आहे, याविषयीं तोंवर निश्चित असें कोणासच ठाऊक नव्हतें.

यावरून बेर्नार यांनीं स्वादुपिंडाचा रस शुद्ध स्वरूपांत मिळविण्याची युक्ति काढली. तेल व तो रस एकत्र हालविले असतां तेलाचे बारीक कण होऊन दुधासारखें मिश्रण बनतें, आणि पुढें त्या तेलाचें विघटन होऊन ग्लिसरीन व स्निग्धाम्लें हीं निराळीं होतात, हें त्यांनीं सिद्ध केलें. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहींत. आणि आपलें आंतडें तर पाण्यानें ओलें असतें. मग तूप-तेल अंगीं लागतें कसें, या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्या दिवशीं मिळालें. हे शोध १८४८ व १८४९ या सालांत प्रसिद्ध झाले, व फ्रान्सच्या विज्ञान परिषदेनें त्यांबद्दल बेर्नार यांस पारितोषिक दिलें. उरलेलें अर्धें उत्तर पुढें दास्त्र नांवाच्या त्यांच्याच शिष्यानें शोधून काढलें. त्यानें कुत्र्याच्या शरीरांत पित्ताचा मार्ग बदलून आंतड्याच्या खालच्या भागांत नेला, तेव्हां नलिका पित्त मिळाल्यानंतरच पांढऱ्या झाल्या. म्हणजे पित्त व स्वादुपिंडाचा रस, दोहोंचीहि जरुरी आहे. गुरूचें अपुरें सत्य शिष्यानें पुरें करावें, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?

बेर्नार यांचा दुसरा एक शोधहि आमच्या विषयास लागू आहे. दक्षिण अमेरिकेंतील मूळ रहिवासी बाणाच्या टोंकास कुरारे नांवाचें विष लावीत. बाण लागलेलें जनावर हालचाल बंद पडून मरतें. परंतु शिकारी तेंच मांस खातो आणि त्यास कांहीं होत नाहीं. कुरारे प्रेरक मज्जातंतूंचा स्नायूंशीं असलेला संबंध तोडतें, हें बेर्नार यांनीं प्रयोगांनीं दाखविलें; आणि जखमेंतून लागलीच भिनणाऱ्या या विषास जठर व आंतडें यांची त्वचा सहसा आंत घेत नाहीं, हेंहि दाखविलें. एकच द्रव्य एका वाटेनें काळ ठरतें, तर दुसऱ्या वाटेनें निरुपद्रवी! पोटांत असणें म्हणजे शरीरांत असणें नव्हे, ही गोष्ट याहून स्पष्ट कशी करावी?

यकृतांत साखर तयार होते हें त्यांनीं १८४८ सालीं ओळखलें आणि १८५७ सालीं तिचा सांठा ज्या रूपांत असतो तें ग्लायकोजेन वेगळें काढलें. रक्तवाहिन्यांचें आकुंचन-प्रसरण मज्जातंतूंच्या ताब्यांत असतें, हाहि शोध त्यांचाच. १८५४ सालीं सॉर्बोन येथें त्यांच्यासाठीं नवें अध्यापकपद निर्माण झालें, १८५५ सालीं माजांदींच्या जागीं त्यांची नेमणूक झाली, आणि १८६५ सालीं प्रायोगिक वैद्यकाची प्रस्तावना हा त्यांचा जगन्मान्य ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या यशाचें मोल त्यांनीं काय दिलें, हें सांगितल्यावांचून चरित्र पुरें होणार नाहीं. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक ओलसर, अंधारें तळघर होतें. तेथें काम करून त्यांची प्रकृति कायमची ढासळली. दुसरें मोल याहून भारी. त्यांचे प्रयोग जिवंत प्राण्यांवर होत, आणि त्यांपैकीं कित्येक त्या काळीं भूल न देतां झाले. एकदां जठरांत नळी बसविलेलें एक कुत्रें निसटून आपल्या धन्याकडे गेलें, व तो धनी पोलीस अधिकारी निघाला! बेर्नार यांनीं क्षमा मागून कुत्र्याची नळी काढून दिली, आणि तो अधिकारी पुढें त्यांचा हितचिंतक बनला. परंतु घरांत अशी समजूत पटली नाहीं. पत्नी व मुली यांस हे प्रयोग असह्य झाले. शेवटीं पतिपत्नी विभक्त झालीं, आणि मुली प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध झटूं लागल्या. बेर्नार यांचा पक्ष खरा कीं त्यांच्या कुटुंबाचा, याचा निवाडा आम्ही करूं इच्छीत नाहीं. बेर्नार यांच्या श्रमाचें फळ आज आपण सर्व भोगीत आहों. आणि आज प्राण्यांस भूल देणें व त्यांच्या वेदना शक्य तितक्या टाळणें हें शास्त्रज्ञांवर बंधनकारक झालें आहे, त्यांत त्या मायलेकींसारख्यांच्या तळमळीचाहि वांटा आहे. एवढें दोन्ही बाजूंनीं मान्य करणें न्याय्य होईल.

आतां त्या खवड्यांच्या गोळीकडे वळूं. ग्रिसिओफुल्व्हिन हें द्रव्य १९३९ सालीं लंडन येथें रेस्ट्रिक व त्यांचे सहकारी यांनीं एका बुरशीपासूनच मिळविलें. १९५८ सालीं ग्लासगो येथील जेंटल्स यांनीं दाखविलें कीं, तें पोटांत दिल्यानें गिनिपिगांचें गजकर्ण बरें होतें. आणि लवकरच तें मनुष्यांस देण्यांत येऊं लागलें. त्यापूर्वीं खवडे झालेल्या मुलांचे केस क्ष-किरणांनीं झडवीत असत, यावरून या औषधाची थोरवी समजेल. परंतु त्यांत एक उणेपण आहे : तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. जें विरघळत नाहीं तें आंतड्याच्या त्वचेंतून आंत जाणार कसें? साध्या पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीचा मोठा भाग तसाच खालीं निघून जातो.

जेवणांत स्निग्ध पदार्थ असला म्हणजे स्थिति पालटते. अन्न जठरांत अधिक वेळ राहतें, पित्ताशय आकुंचन पावून पित्त सोडतें, व स्वादुपिंडाचा रस तेलातुपाचें विघटन करतो. मग पित्तांतील क्षार व स्निग्धाम्लें मिळून अतिसूक्ष्म पुंज बनतात. त्यांच्या पोटांत हें औषध सामावतें, आणि त्यांच्या आधारानें आंतड्याच्या त्वचेपर्यंत पोंचून आंत शिरतें. नदी न पोहतां येणाऱ्या वाटसरूस नावाड्यानें पैलतीरीं न्यावें, तसाच हा प्रकार. १९६१ सालीं क्राउन्स या अमेरिकन संशोधकानें दाखवून दिलें कीं, स्निग्ध भोजनाबरोबर घेतल्यास या औषधाचें रक्तांतील प्रमाण सुमारें दुप्पट होतें. पुढें मक्याच्या तेलाचें पाण्याशीं दुधासारखें मिश्रण करून त्यांतून हें औषध दिलें, तेव्हांहि तें साध्या गोळीपेक्षां अधिक प्रमाणांत शोषलें गेलें. औषधाची पूड अतिशय बारीक केल्यानेंहि लाभ होतो, असेंहि आढळून आलें.

२०२१ सालीं करोनाच्या सांथीबरोबर महाराष्ट्रांत म्युकरमायकोसिस या भयंकर बुरशीरोगानें हाहाकार उडविला, तेव्हां पोसाकोनाझोल या औषधाचें नांव घरोघरीं ऐकूं आलें. त्याचें जें पातळ, पिण्याचें रूप आहे, तें उपाशीपोटीं घेण्याऐवजीं स्निग्ध भोजनाबरोबर घेतल्यास त्याचें रक्तांतील शोषण सुमारें चौपट होतें. परंतु पालकांनीं यावरून सर्व औषधें तुपाबरोबर देण्याचा परिपाठ मात्र घालूं नये. इट्राकोनाझोल या औषधाच्या साध्या कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावयाच्या असतात, तर त्याच औषधाचें पातळ रूप रिकाम्या पोटीं घ्यावयाचें असतें. फ्लुकोनाझोल पाण्यांत सहज विरघळत असल्यामुळें त्यास जेवणाची अडचणहि नाहीं व मदतहि नाहीं. तेव्हां औषध कोणतें, हें विचारून थांबूं नये. कशाबरोबर व केव्हां, हेंहि डॉक्टरांस विचारावें आणि त्याप्रमाणें वागावें.

बेर्नार यांचा अंतकाळ मानसन्मानांत गेला. १८६८ सालीं फ्रेंच अकादमीनें त्यांस सभासद करून घेतलें, पुढील वर्षीं ते सेनेटचे सभासद झाले, आणि १८७६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस कोप्ली पदक अर्पण केलें. तथापि सुट्टी मिळाली कीं ते आपल्या खेड्यांतील द्राक्षमळ्यांतच जात. १० फेब्रुवारी १८७८ रोजीं पॅरिस येथें ते निवर्तले. त्यांची अंत्ययात्रा सरकारी खर्चानें निघाली. फ्रान्समध्यें शास्त्रज्ञास हा मान प्रथम त्यांनाच मिळाला. एके काळीं नासलेल्या औषधांचें थेरियाक ढवळणाऱ्या मुलास राष्ट्रानें दिलेला हा निरोप होता.

विद्यार्थिमित्रहो, बेर्नार शाळेंत पहिले नव्हते, परीक्षेंत वरच्या क्रमांकाचे नव्हते, आणि नाटकांतहि त्यांस यश आलें नाहीं. परंतु मेजावर सांडलेल्या थोड्याशा पाण्यासारख्या पदार्थाकडे त्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें, आणि जें पाहिलें त्याचें कारण सांपडेपर्यंत ते स्वस्थ बसले नाहींत. आणि ज्या आईची हकीकत आम्ही आरंभीं सांगितली, तिच्यासारख्या सर्व मातांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं स्वतःस दोष लावून घेऊं नये. त्या माउलीच्या सेवेंत उणें कांहीं नव्हतें. गोळीस पैलतीरीं नेणारा नावाडी तेवढा मिळाला नव्हता.